जुन्या पीसीवर ग्राफिक्स कार्ड हळू चालतंय? तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायची

कार्ड बसवलं, गेम लावला, आणि जिथे सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) यायला हव्यात तिथे ३५ येतायत. इथून पुढे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी विंडोज नव्याने टाकतात, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलतात, मग कार्ड परत करायला निघतात. आणि शेवटी कळतं की मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली होती.

जुन्या पीसीत कार्ड स्वतः हळू असण्यापेक्षा ते कशाची तरी वाट पाहत बसलेलं असण्याची शक्यता जास्त. ते कशाची वाट पाहतंय हे मोजून कळतं, अंदाजाने नाही. म्हणून या लेखात मोजणी आधी आहे आणि स्क्रूड्रायव्हर नंतर.

उदाहरण म्हणून एक नेहमी दिसणारी जोडणी धरू: ऑफिसातून निघालेला आय५-४५९०चा पीसी, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी आणि सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १०६० ६ जीबी. तुमचं कार्ड वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## तयारी

पीसी उघडण्याआधी हे उतरवून ठेवा: जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं), एचडब्ल्यूइन्फो (पीसीतले सेन्सर वाचणारं), एमएसआय आफ्टरबर्नर (खेळताना पडद्यावर आकडे दाखवणारं, त्याच्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरसह), डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारं) आणि तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर). ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ करून देणारी सॉफ्टवेअर्स टाकली असतील तर ती आधी काढा.

हाताशी असू द्या: स्टार स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टची लहान नळी आणि मोबाइलचा टॉर्च. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

मोजपट्टीही आधीच ठरवा. युनिजिन हेवन किंवा सुपरपोझिशन यांपैकी एक बेंचमार्क (ठरावीक दृश्यं चालवून वेग मोजणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि जो गेम अडखळतोय त्यातला एकच ठरावीक भाग घ्या. दोन्ही लागतात. हेवन जवळजवळ सगळा भार कार्डावर टाकतं, त्यामुळे सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची) अडचण त्यात दिसतच नाही. हेवनचा स्कोअर उत्तम आणि गेम मात्र रडतोय, असं असेल तर कार्ड निर्दोष असण्याची शक्यता मोठी.

प्रत्येक चाचणी तीनदा चालवा, पहिली सोडून द्या, उरलेल्या दोन्हींची सरासरी वहीत लिहा. खोलीचं तापमानही लिहा.

इशारा: फरमार्क या ताण-चाचणीच्या सॉफ्टवेअरने सुरुवात करू नका. ते कार्डाकडून एरवी लागत नाही एवढी वीज खेचतं. जुन्या एसएमपीएसवर हा जुगार नको.

## पायरी १ : कार्ड नक्की कोणतं आहे?

जीपीयू-झेड उघडा आणि पहिल्याच पानावरचे आकडे त्या मॉडेलच्या अधिकृत आकड्यांशी ताडून पाहा. जीटीएक्स १०६० ६ जीबीला १२८० शेडर्स (चित्र घडवणारी छोटी गणकं) आणि १९२ बिट बस (मेमरीकडे जाणारी वाट) हवी. ३ जीबीच्या १०६०मध्ये नुसती मेमरी कमी नाही, शेडर्सही ११५२च आहेत. आरएक्स ५८० म्हणून घेतलेल्या कार्डात २३०४ऐवजी २०४८ शेडर्स दिसले तर ती कमी ताकदीची आवृत्ती आहे. सगळ्यात फसवं जीटी १०३०. जीडीडीआर५ आवृत्तीची मेमरी बँडविड्थ (डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ आवृत्तीची साधारण १७. नाव एकच, चेहरामोहराही सारखाच.

नावाच्या सुरुवातीला ‘फेक’ असा शब्द दिसला तर कार्डाचं बायोस (चिपमध्ये साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून जुनं कार्ड नवीन नावाने खपवलेलं आहे. पुढच्या पायऱ्या करण्यात अर्थ नाही, विकणाऱ्याला गाठा.

आणि अपेक्षाही तपासा. यूट्यूबवरच्या ज्या व्हिडिओशी तुलना करताय त्यात सीपीयू कोणता आहे? १०६०च्या जोडीला तिथे आठ कोअरचा नवा प्रोसेसर असेल, तर ते आकडे तुमच्या चार कोअरच्या आय५ला लागू नाहीत.

## पायरी २ : दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी

मागे वाकून पाहा. मॉनिटरची केबल कार्डाच्या आडव्या पट्टीत आहे की वर, यूएसबी आणि लॅनच्या शेजारी? वर असेल तर चित्र मदरबोर्डमार्फत येतंय, आणि बऱ्याचदा गेमही सीपीयूतल्या ग्राफिक्सवरच चालतोय.

मग मर्यादा शोधा. फ्रेम्स बरोबर ३० किंवा ६०वर खिळून बसत असतील तर ती कार्डाची दमछाक नाही, कुणीतरी घातलेली वेसण आहे. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग), एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधला कमाल फ्रेम रेट, एएमडीमध्ये रेडिऑन चिल, आणि रिव्हाट्यूनरमध्ये पूर्वी कधी घालून विसरलेली मर्यादा, या चारही जागा पाहा.

पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० टक्के आहे ना? ‘९९ केलं की पीसी थंड राहतो’ हा सल्ला बराच फिरलेला आहे. त्याने टर्बो (गरजेनुसार वेग वाढवण्याची सोय) बंद होतो, आणि आय५-४५९० ३.७ऐवजी ३.३ गिगाहर्ट्झवर अडकतो.

## पायरी ३ : कोण कोणाची वाट पाहतंय?

पुढे काय उघडायचं हे इथे ठरणार आहे, त्यामुळे ही पायरी गाळू नका. आफ्टरबर्नरमध्ये या गोष्टी पडद्यावर दिसतील अशा लावा: जीपीयूचा (कार्डावरच्या ग्राफिक्स चिपचा) वापर, जीपीयू क्लॉक (चिपचा वेग), जीपीयू तापमान, व्हिडिओ मेमरी, रॅम, आणि सीपीयूचा प्रत्येक कोअर वेगवेगळा. गेमचा ठरवलेला भाग दहा मिनिटं खेळा. दोन मिनिटांत कार्ड तापत नाही, म्हणून दहा.

सीपीयूचा एकूण आकडा पाहून ‘६० टक्केच आहे, म्हणजे सीपीयू मोकळा’ असं ठरवणं ही इथली नेहमीची चूक. चारपैकी एकच कोअर १००ला टेकला आणि गेमचं मुख्य काम त्याच्यावर असेल, तर बाकीचे तीन आरामात बसले तरी उपयोग नाही.

आता तुमचा प्रकार ओळखा.

अ) जीपीयू वापर ९५च्या वर, क्लॉकही नेहमीएवढा (१०६०साठी साधारण १७०० मेगाहर्ट्झ किंवा वर). कार्ड पूर्ण जोर लावतंय. सेटिंग कमी करा, दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आ) वापर ९५च्या वर, पण क्लॉक पडलेला, म्हणजे १३००–१४००च्या आसपास किंवा सतत खालीवर. उष्णता किंवा वीज. पायरी ५ आणि ६.

इ) वापर ५०–७०च्या घरात आणि फ्रेम्सही कमी. कार्ड रिकामं बसलंय. पायरी ४ आणि ७.

ई) फ्रेम्स एरवी ठीक, पण मधेच क्षणभर गोठतात. व्हिडिओ मेमरी, रॅम किंवा हार्ड डिस्क. पायरी ७.

‘इ’ प्रकारात खात्री करून घ्यायची तर रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणा. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. तरीही फ्रेम्स जागच्या हलल्या नाहीत, तर अडथळा कार्डाच्या बाहेर आहे.

## पायरी ४ : स्लॉट आणि बस

जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसची (कार्ड आणि बोर्डमधल्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीची) ओळ शोधा. तिथे आधी कार्डाची क्षमता आणि पुढे आत्ताची जोडणी दिसते. पीसी निवांत असताना पुढचा भाग १.१ ही जुनी, हळू पिढी दाखवतो आणि लोक घाबरतात. वीज वाचवायला कार्ड स्वतःच खाली उतरतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबा, रेंडर टेस्ट (कार्डावर भार टाकणारी चाचणी) चालू करा आणि मगच आकडा वाचा.

‘एक्स’पुढचा आकडा म्हणजे लेन्सची (डेटाच्या समांतर वाटांची) संख्या, ती भाराने बदलायला नको. १०६०ला एक्स१६ हवं. एच८१ बोर्डवर पिढी २.०च दिसेल, कारण त्या चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) मुख्य स्लॉटच २.०चा आहे; बी८५ चिपसेटच्या बोर्डवर ३.० दिसायला हवी. एक्स१६ २.० म्हणजे सेकंदाला ८ जीबी. या ताकदीच्या कार्डाला तेवढी वाट पुरते, त्यामुळे नुसतं २.० दिसलं म्हणून बोर्ड बदलू नका. पण एक्स८, एक्स४ किंवा एक्स१ दिसलं तर थांबा, दुखणं सापडलंय.

कारणं, सापडण्याच्या क्रमाने:

* चुकीचा स्लॉट. दोन लांब स्लॉट असलेल्या बोर्डवर खालचा बऱ्याचदा चिपसेटमधून येतो आणि आत चारच लेन्स जोडलेल्या असतात. कार्ड सीपीयूजवळच्या स्लॉटमध्ये लावा.
* मळलेले संपर्क. खाली सविस्तर.
* कार्ड पुढून लोंबतंय. मागची पट्टी स्क्रूने घट्ट नसेल तर जड कार्ड स्लॉटमधून किंचित उचललं जातं.
* बायोसमधली सेटिंग. स्लॉटचा वेग जेन १वर (पिढी १वर) ठेवलेला असेल तर ऑटो करा.

संपर्क साफ करायला पीसी बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर काढा, हलवत हलवत नाही. आता टॉर्च तिरका धरून सोनेरी पट्ट्या पाहा. चांगली पट्टी वरपासून खालपर्यंत एकसारखी चमकते. खराब पट्टीवर मध्येच तपकिरी झाक किंवा बोटाचा चिकट ठसा दिसतो. खोडरबर वरून खाली, पट्टीच्या दिशेनेच, हलक्या हाताने फिरवा. आडवा घासला तर कडेच्या पट्ट्या उचकटतात. चुरा ब्रशने झाडा आणि अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. खोडरबरचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर आजार बरा करायला जाऊन नवा आणलात.

तपासा: कार्ड परत बसवताना खिट्टीचा ‘टक्’ आवाज आला का? रेंडर टेस्टमध्ये एक्स१६ दिसतं का?

काही कार्डं मुळातच अरुंद असतात. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटीला चारच लेन्स आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.०वर त्या पुरतात. एच८१वर मात्र उरतात सेकंदाला २ जीबी, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेमचे पाय चिखलात. इथे साफसफाईने काही होणार नाही. इंटेल आर्कचंही तसंच: त्याला रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, आणि आय५-४५९०सारख्या चौथ्या पिढीच्या ऑफिस पीसीत ते अधिकृतपणे मिळत नाही. जुन्या पीसीसाठी ही कार्डं घेऊच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

## पायरी ५ : उष्णता

१०६० साधारण ८३ अंशांना पोचलं की क्लॉक कमी करायला लागतं. हे बिघडणं नव्हे, स्वतःला सांभाळणं आहे. जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर ‘पर्फकॅप रीझन’ ही ओळ असते. तिच्यावर माउस नेला की कार्ड का अडलंय ते कळतं. थर्मल आलं तर ही पायरी, पॉवर आलं तर पुढची. मात्र पॉवर अधूनमधून दिसणं बऱ्याच कार्डांत नेहमीचंच असतं.

एसीतल्या २४ अंशांच्या खोलीत चाचणी केलेलं कार्ड ७० दाखवत असेल, तर मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या ३६ अंशांच्या खोलीत तेच कार्ड, तेवढ्याच फॅन वेगाला, ८० ओलांडणार. म्हणूनच खोलीचं तापमान वहीत हवं.

पेस्टला हात लावण्याआधी एक फुकट चाचणी: कॅबिनेटची बाजूची झडप काढा आणि तोच गेम परत दहा मिनिटं चालवा. तापमान ८–१० अंशांनी उतरलं तर दोष पेस्टचा नाही, हवेचा आहे. ऑफिसच्या कॅबिनेटमध्ये पुढून हवा घेणारा फॅन बऱ्याचदा नसतोच. १२० मिलिमीटरचा एक फॅन पुढे आत फुंकणारा लावा, मागचा बाहेर फेकणारा आहे का पाहा, आणि थांबा.

फारसा फरक पडला नाही तर कार्ड काढून धूळ साफ करा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. नाहीतर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.

तरीही तापमान चढंच असेल, किंवा हॉट स्पॉटचा (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा) आकडा दिसत असून त्याच्यात आणि जीपीयू तापमानात २५ अंशांहून जास्त अंतर असेल, तर पेस्ट बदला.

१. कार्डाच्या पाठीचे चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे सैल करा.
२. हीटसिंक ओढू नका. घट्ट बसला असेल तर किंचित डावी-उजवीकडे पिळा. फॅनची वायर अजून जोडलेली असते, ती आधी सोडवा.
३. जुनी पेस्ट पाहा. ओलसर राखाडी असेल तर ती अजून जिवंत होती. पापडाच्या चुऱ्यासारखी सुटून पडत असेल तर कारण मिळालं.
४. अल्कोहोलने चिप आणि हीटसिंक दोन्ही आरशासारखे होईपर्यंत पुसा.
५. मटाराच्या लहान दाण्याएवढी पेस्ट घ्या आणि पातळ थर पसरवा. सीपीयूला वर धातूचं झाकण असतं, ग्राफिक्स चिप उघडी असते. कोपरा कोरडा राहिला तर तिथेच तापते.
६. स्क्रू परत समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. अडलं की थांबा.

इशारा: मेमरीवरचे थर्मल पॅड धडधाकट असतील तर बदलू नका. मूळ पॅडपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तरी हीटसिंक चिपपासून उचलला जातो, आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. ‘पेस्ट बदलल्यावर आणखी बिघडलं’ यामागे बहुधा हेच असतं.

सीपीयूही विसरू नका. इंटेलच्या सोबत आलेल्या कूलरच्या चार प्लॅस्टिक पायांपैकी एक सुटलेला असला तरी प्रोसेसर १०० अंशांना जाऊन स्वतःचा वेग कापतो, आणि बोल कार्डाला लागतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर ‘येस’ दिसतंय का पाहा.

## पायरी ६ : एसएमपीएस

अशक्त एसएमपीएस सहसा पीसी हळू करत नाही. तो पीसी बंद पाडतो, रीस्टार्ट करतो किंवा पडदा काळा करतो. यातलं काहीच होत नसेल तर नवा एसएमपीएस शेवटी घ्या.

तपासायचं ते एवढंच. स्टिकरवर मोठ्या अक्षरातले वॅट सोडा आणि १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. १२ने गुणलं की खरी ताकद. ‘४५० वॅट’ छापलेल्या स्वस्त एसएमपीएसवर १२ व्होल्टला १६ अँपिअर असतील तर हातात १९२ वॅटच आहेत. १०६० एकटं १२० वॅट घेतं, आय५-४५९०चे ८४ धरले की २०४. हिशेब संपला.

कार्डाच्या वीजजोडणीकडे पाहा. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनमधून आणखी ७५, आठ पिनमधून १५०. साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या जोडणीवरून) सहा पिन बनवून देणारी जोडवायर मिळते. ती लावू नका. साटाच्या वायरीची १२ व्होल्टची मर्यादा ५४ वॅट आहे, आणि ती वितळल्याच्या खुणा दुरुस्तीवाल्यांना नेहमी दिसतात.

मल्टिमीटर असेल तर गेम चालू असताना मोलेक्सच्या (चार पिनांच्या जुन्या वीज-कनेक्टरच्या) पिवळ्या आणि काळ्या वायरीत मोजा. ११.४ व्होल्टच्या खाली गेलं तर एसएमपीएस बदला. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, बोर्डचे सेन्सर वाटेल ते दाखवतात.

## पायरी ७ : रॅम, मेमरी आणि विंडोज

८ जीबीची एकच पट्टी असेल तर अर्धा रस्ता बंद आहे. डीडीआर३-१६०० एका चॅनलवर सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन चॅनलवर २५.६. तशीच दुसरी पट्टी लावणं हा या पीसीवरचा सगळ्यात स्वस्त आणि जाणवणारा उपाय. एच८१वर दोनच स्लॉट असतात, तिथे चुकायला वाव नाही. चार स्लॉटच्या बोर्डवर मात्र जोडी एकाच रंगाच्या स्लॉटमध्ये हवी. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी पानावर ‘ड्युअल’ दिसलं की झालं.

टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची स्वतःची मेमरी काठोकाठ भरून ‘शेअर्ड’ मेमरी चढत असेल, तर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) एक पायरी खाली आणा, फक्त टेक्श्चर. सावल्या आणि बाकीचं कमी करून ही अडचण फारशी सुटत नाही. गेम हार्ड डिस्कवर असेल आणि गोठण्याच्या क्षणी डिस्क १०० टक्के दिसत असेल तर साटा एसएसडी हे सरळ उत्तर.

ड्रायव्हरसाठी: इंटरनेट तोडा (नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं), सेफ मोडमध्ये जा, डीडीयूने जुना ड्रायव्हर काढा, रीस्टार्ट करा, उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका, मगच इंटरनेट जोडा. आधी एएमडीचं कार्ड होतं आणि आता एनव्हिडियाचं आहे, तर डीडीयू दोन्हींसाठी चालवा. १०६०च्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पर्यंतच मिळाले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. त्यामुळे अगदी ताज्या गेममध्ये विचित्र बिघाड दिसला तर तो दर वेळी तुमच्या पीसीत शोधू नका.

आणखी एक जागा सहसा कुणी पाहत नाही: विंडोज सिक्युरिटीतलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ (घातक कोड विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारी सोय). इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर हे काम हार्डवेअरच्या मदतीशिवाय होतं आणि सीपीयूवर जास्त ओझं पडतं. बंद करून मोजा. फरक नसेल तर लगेच परत चालू करा, ते संरक्षणासाठी आहे. गेम बारचं मागच्या मागे चालणारं रेकॉर्डिंग मात्र खुशाल बंद ठेवा.

एवढं होऊनही चारही कोअर १००ला आणि कार्ड ६०वर असेल, तर आय५चं काम संपलं. त्याच सॉकेटमध्ये आय७-४७७० किंवा ४७९० बसतो, आठ थ्रेड्स (एकाच वेळी चालणारी कामं) मिळतात. विकत घेण्याआधी बोर्डच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी काढून तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते पाहा, आणि बायोस जुना आय५ बोर्डवर असतानाच अपडेट करा. नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदाच उजळला नाही, तर अपडेट करायला जुना परत लावावा लागेल. तोवर तो विकू नका.